यमूआत्या माघारी फिरली नाही

दिल्लीत ऑक्टोबर लागला की संध्याकाळी सप्तपर्णी फुलते. आमच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टर्सच्या मागे तिची सात-आठ झाडं आहेत. वास इतका दाट की खिडकी उघडली की घरात माणूस शिरल्यासारखं वाटतं. कूलर बंद होतात, गाद्यांना ऊन दाखवलं जातं, ऑफिसात माणसं एकमेकांशी जरा बरं बोलू लागतात. आणि याच दिवसांत सगळ्यांना पहाड आठवतात. डब्याच्या वेळी कोणी म्हणतं, यार, चार दिवस कुठेतरी निघून जाऊ, जिथे मोबाइल लागत नाही. मी पोळीचा तुकडा मोडत ऐकत राहते. मोबाइल न लागणाऱ्या गावात मी एकोणीस वर्षं काढली आहेत. तिथून निघून जाण्यासाठी मी काय काय केलं, ते यांना सांगून कळणार नाही.

उंबरमाची. सह्याद्रीच्या एका कड्याला कंबरेशी जो सपाट पट्टा आहे, त्यावरची तीस-पस्तीस घरं. वर कडा, खाली दरी. खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत पायी अख्खा दिवस. पावसाळा सरला की एक कच्चा रस्ता जेमतेम मोकळा व्हायचा आणि वर्षातून दोन-तीनदा जीप यायची. अश्विन-कार्तिकात गवत पिवळं पडायचं, वरईची कणसं खाली वाकायची, सगळ्या उतारावर सोनकीची फुलं. सकाळी सगळं दवाने इतकं ओलं की शेळ्यासुद्धा गोठ्यातून निघायला नाखूश असत. बाहेरचा माणूस हे बघून वेडा होतो, त्यात नवल नाही. मीही अजून होते. फरक एवढाच, की त्या दिवसांची आठवण आली की माझ्या मुठी वळतात.

माझ्या वडिलांची थोरली बहीण यमूआत्या. लग्नानंतर चार वर्षांनी नवरा गेला, तेव्हापासून आमच्याच घरी. कड्यावरच्या पठारावर शाकारणीचं उत्तम गवत होतं, पण तिकडे जाणारी वाट एकच. घळीतून चढायचं आणि मग उभ्या कड्याच्या छातीवरून, दोन वीत रुंदीच्या एका कपारीवरून, भिंतीला पाठ लावून पलीकडे सरकायचं. पलीकडे गेल्यावर गवत कापणारे न्याहारीला बसत, म्हणून ती न्याहारीपट्टी. गावातली निम्मी पुरुषमंडळी तिकडे जात नसत. आत्या दर कार्तिकात जायची, आणि येताना डोक्यावर भारा घेऊन त्याच पट्टीवरून यायची. तिच्या बरोबर गेलेलं माणूस कधी पडलं नाही. गावात तिला मान होता तो यासाठी. दुसरं काही तिच्याकडे नव्हतं.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात शिकत होते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. त्या वर्षी दिल्लीहून पाच जण आले. जीप, लाल जाकिटं, निळ्या-नारिंगी दोरांची वेटोळी. त्यांचा पुढारी सेठी, तिशीचा, देखणा, बोलण्यात लाघवी. त्यांना कड्यावर चढायचं होतं. गावाने आत्याकडे बोट दाखवलं. आत्याला हिंदी येत नव्हती, म्हणून दुभाषी मी.

देवळाच्या ओट्यावर बसून सेठीने मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "तुम्हारी हिंदी बहुत साफ़ है. तुम यहाँ की लगती ही नहीं."

एवढंच वाक्य. आज मला त्याचा अर्थ कळतो. पण त्या वेळी ते मी उशीखाली घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे नवा पंजाबी ड्रेस घातला, पिवळी ओढणी घेतली, आणि कड्यावर जायला निघाले. आत्या पुढे अनवाणी, लुगड्याचा काचा मारलेला, कमरेला विळा. तिच्या तळपायांच्या भेगा मला त्या दिवशी पहिल्यांदा खुपल्या. या लोकांसमोर तिने निदान वहाणा तरी घालाव्या असं मला वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

पट्टीच्या अलीकडे गवत ठेवायची एक खोप होती. तिथे पोहोचलो तेव्हा सूर्य कड्याच्या मागेच होता. आत्याने वाकून पट्टीवरच्या गवतावरून हात फिरवला आणि ओला तळवा सगळ्यांना दाखवला.

"आत्ता न्हाई. ऊन आल्याबिगर हितं पाय ठरत न्हाई. दोन घटका बसा म्हनावं."

सेठीने माझ्याकडे पाहिलं. "क्या कह रही हैं?"

तो पट्टीच्या तोंडाशी उभा होता, निघायला अधीर. आमची आत्या घाबरली असं त्याला वाटू नये, आम्ही खेडवळ दिसू नये, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी म्हणाले, "कह रही हैं, ज़रा सँभलकर चलिए."

तो हसला आणि निघाला.

पाचव्या-सहाव्या पावलाला त्याचा बूट सटकला. आत्या त्याच्या मागेच धावली होती. तिने त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरला, त्याला भिंतीकडे ओढलं. पट्टा तुटला. तो भिंतीला चिकटून राहिला आणि आत्या खाली गेली. दोन पुरुष खोल एक टप्पा होता, त्यावर आदळली. तिथून पुढे दरी होती. ओरडली नाही. फक्त "आई गं" एवढं, अगदी हळू, काटा टोचल्यासारखं.

बाकीच्यांनी दोर टाकले, त्यांतला एक जण खाली उतरला, तिला बांधून वर घेतलं. कमरेजवळचं हाड मोडलेलं होतं, पाय वेगळ्याच दिशेला वळलेला. खोपीत गवतावर तिला निजवलं. या सगळ्यात ऊन वर आलं. पट्टी सुकली. सेठी म्हणाला, आमची जीप ड्रायव्हरने वळसा घालून डोंगराच्या पलीकडे नेऊन ठेवली आहे, आम्ही वरून तिकडे उतरतो आणि लगेच गाडी तुमच्या गावात पाठवतो, हाच जवळचा रस्ता. ते ऐकून मला धीर आला. निघताना तो म्हणाला, "कुछ है बाँधने को? इसका स्ट्रैप टूट गया है."

मी माझ्या ओढणीची काठाकडची पट्टी फाडून दिली. आत्या बाजूला दात आवळून पडली होती आणि मी त्याची पिशवी बांधत होते.

गावातली माणसं बोलावली, संध्याकाळपर्यंत आत्याला घरी आणलं. मग गाडीची वाट. तो दिवस गेला, दुसरा गेला. वडील दर थोड्या वेळाने माचीच्या टोकाशी जाऊन धूळ उडते का बघून येत. मीच सगळ्यांना सांगत होते, येईल, ते शब्द दिलेला मोडणारे नाहीत. तिसऱ्या दिवशी घोंगडीची झोळी करून आठ जणांनी तिला खाली नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. हाड वाकडं जुळलं. एक पाय चार बोटं आखूड झाला, आणि यमूआत्या पुन्हा कधी कड्यावर गेली नाही.

दोनेक वर्षांनी तालुक्याच्या वाचनालयात एका हिंदी मासिकात मला उंबरमाची दिसली. अनोळखी गाव, अस्पर्श कडा, धाडसी प्रवाशांचा स्वर्ग, असं बरंच. खाली सेठीचं नाव, आणि शिखरावर उभ्या पाच जणांचा फोटो. लेखात होतं, की त्या अरुंद कपारीशी आमची स्थानिक वाटाडी बाई घाबरली आणि आम्हाला सोडून माघारी फिरली. आम्ही पाच जण आमच्याच हिमतीवर पलीकडे गेलो. त्या कपारीला आमच्या मित्रांनी 'सेठी ट्रॅव्हर्स', म्हणजे सेठीची आडवी वाट, असं नाव दिलं आहे.

मी मासिक घरी नेलं आणि आत्याला मराठीत सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

"मी माघारी फिरले आसं लिवलंय?"

"हो."

"परत वाच."

तिने तीनदा वाचायला लावलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं, भिंतीला धरून उठली आणि गोठ्यात गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. पाय गेला तेव्हासुद्धा ती जेवली होती.

मी नोकरीच्या परीक्षा दिल्या, दिल्लीच मिळावी म्हणून दिल्या. लोकांना वाटलं, पोरीला मोठ्या शहराची हौस. पहिल्या महिन्यात टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीत त्याचं नाव शोधलं. नोएडात घर होतं. एका रविवारी दोन बस बदलून गेले आणि फाटकासमोर उभी राहिले. आत कोणीतरी गाडी धूत होतं, रेडिओ लागला होता. काय करायचं ते ठरवलंच नव्हतं. परत आले. पण पत्ता पाठ झाला.

मग लग्न झालं, सई झाली. हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला रिजवर आम्ही कधीकधी फिरायला जायचो. दिल्लीकर त्या टेकाडाला पहाडी म्हणतात. चढणीवर नवरा नि सई पुढे जात, मी मागे, आणि मनात मी सेठीला कुठल्याशा कड्यावर उभं करत असे. ढकलत नसे. नुसती पाठीमागे उभी राहत असे, त्याला मागे वळता येऊ नये इतकी जवळ. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना पानिपतला न्यावं लागे. तिथे उभं राहून मामेसासरे दर वेळी हळहळत, जणू कालच घडलंय. मला बरं वाटायचं. ही माणसं अडीचशे वर्षांची सल सोडत नाहीत, मग माझी पंचवीस वर्षं कोणाच्या डोळ्यांत का यावी. शहाणी माणसं सांगतात की राग धरणाऱ्यालाच जाळतो. मला तसा अनुभव नाही. मला त्याने परीक्षा पास करवल्या, परक्या शहरात पाय रोवायला शिकवलं. सकाळी उठायला कारण दिलं.

सई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. अशाच एका ऑक्टोबरात ती एक रंगीत पत्रक नाचवत घरात आली.

"आई, सुन ना, तुझं गाव आलंय यात. उंबरमाची. आमचा पूरा ग्रुप जातोय, डिसेंबरमध्ये. माची म्हणजे काय गं?"

मी पत्रक घेतलं. कड्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, जिथे अजून कोणी पोहोचलं नाही. माझे आजे-पणजे जिथे जन्मले आणि मेले, तिथे अजून कोणी पोहोचलं नव्हतं. मुख्य आकर्षण, सेठी ट्रॅव्हर्स. शनिवारी दुपारी माहितीची सभा, खुद्द सेठी सर बोलणार.

"मीपण येते शनिवारी," मी म्हणाले.

"बिल्कुल. सरांना सांगू, माझी आई तिथलीच आहे. कितना मज़ा आएगा."

मी तिला काहीच सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला ठाऊक होतं. सगळं सांगायचं तर दुभाष्याचंही सांगावं लागलं असतं.

सभागृहात साठेक माणसं होती, बहुतेक तरुण. सेठीचे केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. पडद्यावर आमची माची आली, आमचं देऊळ, सोनकीचा उतार. मुलं अहाहा करत होती. मग पट्टी आली.

"यहाँ हमारी गाइड डर गई," तो हळुवारपणे म्हणाला. "गाँव की औरत थी, मैं उसे दोष नहीं देता. उसके बाद हम अकेले थे."

दोष देत नाही म्हणे. मी उभी राहिले. मी हिंदीत सांगितलं, की ती बाई माझी आत्या आहे, मी तिथे होते. ती घाबरली नाही. तुम्हाला धरताना ती पडली, तुम्ही गाडी पाठवतो म्हणून गेलात, आणि ती आजही लंगडते.

सई माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, बहुत पुरानी बात है," सेठी म्हणाला. "आपको ग़लतफ़हमी हुई होगी. वो तो वहाँ से लौट गई थी."

"ऊपर वाली फ़ोटो लगाइए. शिखर वाली."

लावणाऱ्याने लावला. पाच तरुण, झेंडा, हसरे चेहरे. सेठीच्या पाठीवर पिशवी, आणि तिच्या तुटलेल्या पट्ट्याला बांधलेली पिवळी चिंधी, बोटभर काठ दिसणारी.

"वो मेरी ओढ़नी है," मी म्हणाले. "पट्टा मेरी बुआ के हाथ में टूटा था. वो लौट गई थी तो ये किसने बाँधा?"

पुढच्या रांगेतला एक टकला, जाड चष्म्याचा गृहस्थ हळूच म्हणाला, "गिरी थी, सेठी. रस्सी से नीचे मैं ही उतरा था." तो त्या पाचांतलाच एक होता, हे मला तेव्हा कळलं.

सेठीने चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याला ओळख पटली.

"तुम वही लड़की हो. पर तुमने तो कहा था, सँभलकर चलिए. उसने मुझे रोका ही कहाँ था?"

इतकी वर्षं मी या माणसाला मनात हजारदा बोलायला लावलं होतं, पण हे वाक्य त्याच्या तोंडी मी कधीच घातलं नव्हतं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सईचीही.

"उसने रोका था," मी म्हणाले. "मैंने ग़लत बताया. वो मेरा झूठ है, मैंने आज बोल दिया. अब अपना आप बोलिए."

त्याने माईक खाली ठेवला. मुलं हळूहळू उठू लागली, खुर्च्यांचे आवाज झाले, आणि पडद्यावर तो पिवळ्या चिंधीचा फोटो कितीतरी वेळ तसाच राहिला. मी तो मन भरेपर्यंत पाहिला.

घरी येताना बसमध्ये सई खिडकीबाहेर बघत होती. सफदरजंगचा थांबा गेल्यावर तिने विचारलं, "तू का खोटं बोललीस?"

"मला ती माणसं आवडली होती. आत्याची लाज वाटली."

घरी आल्यावर तिने ते पत्रक फाडलं नाही, नुसतं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मला पटलं.

दुसऱ्या दिवशी मी गावी फोन लावला. आता माचीच्या टोकाशी उभं राहिलं की फोन लागतो. माझ्या भाच्याने आत्याला धरून तिथवर आणलं. मी सगळं सांगितलं. शेवटी तेही. पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"मला ठावं हुतं," आत्या म्हणाली.

"काय?"

"मी येवढं मोठं बोलले आन् तू बारकंसं सांगितलंस. हिंदी येत न्हाई म्हून काय मोजायबी येत न्हाई व्हय?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू घरची हायस. तुला काय बोलू? त्याला बोलायचं व्हतं, तर तो गावला न्हाई."

पंचवीस वर्षं मी तिच्या वतीने राग धरला होता. तिचा स्वतःचा राग तिच्यापाशी अख्खा होता, आणि माझ्यावरचा त्यातला वाटा तिने मला कधी दाखवला नव्हता. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही.

सेठीची ती सहल बारगळली. नव्या पत्रकातून त्याचं नाव गेलं, असं सईच्या मैत्रिणीने सांगितलं. आणि दिवाळीनंतर एका दुपारी तो आमच्या दारात उभा, हातात मिठाईचा डबा. दोन जिने चढून धापा टाकत होता. मी त्याला बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. सई दाराशी उभी होती.

"माफ़ी माँगने आया हूँ," तो म्हणाला.

"मुझसे नहीं," मी म्हणाले आणि गावी फोन लावून स्पीकरवर टाकला.

त्याने माफी मागितली. चांगल्या शब्दांत, जरा लांबवून. आवाज खरोखर कापत होता. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

आत्याने ऐकून घेतलं. "फोनात कोन ऐकतंय? त्येला म्हनावं, हितं ये. गावापुढं उभा ऱ्हा नि सांग, यमू माघारी फिरली न्हवती."

मी सांगितलं. तो म्हणाला, "ज़रूर आऊँगा. बस घुटनों का ऑपरेशन हो जाए. अब तो चला भी नहीं जाता."

"काय म्हनतो?"

"गुडघे गेलेत म्हणतोय. चालवत नाही."



"बरं झालं," आत्या म्हणाली.

सेठी माझ्याकडे बघत होता. सईने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "कह रही हैं, अच्छा हुआ."

तो खुर्चीच्या हाताला धरून उठला. मिठाईचा डबा मी त्याच्या हातात परत दिला. जिन्यावरून तो कठडा धरून एकेक पायरी उतरत होता, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मग पुढची. गावच्या घराच्या पायऱ्या आत्या तशीच उतरते. मला दया येते का, ते मी दारात उभी राहून नीट तपासून पाहिलं. आली नाही.

"आई, आत ये," सई म्हणाली. "जेवायचं राहिलंय."

लोक म्हणतात, सूड घेतल्यावर माणूस रिकामा होतो. मी त्या दुपारी वरण-भात केला, वर लिंबू पिळलं. सईने पापड भाजले. मी दोनदा भात वाढून घेतला, ताट स्वच्छ केलं, आणि उन्हात गादी टाकून संध्याकाळपर्यंत गाढ झोपले.